मंडळाच्या वेबसाइटची किल्ली कोणाकडे?



आज पाककृती नाही आणि व्रतकथाही नाही. ज्या विषयाचं नाव काढलं की मंडळाच्या बैठकीत अर्ध्या जणी पर्स आवरायला लागतात, त्या विषयावर लिहिते आहे. वेबसाइट, आणि ती वेबसाइट जिथे ठेवलेली असते ती भाड्याची जागा, म्हणजे होस्टिंग. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही पर्स आवरणाऱ्यांतलीच होते. "ते मुलं बघतील" हे माझंच वाक्य होतं. ते वाक्य मला महागात पडलं, आणि माझ्यापेक्षा जास्त दुसऱ्यांच्या मुलींना पडू शकलं असतं. म्हणून हा लेख.

आमच्या महिला मंडळाची वेबसाइट सहा-सात वर्षांपूर्वी मंडळातल्याच एका काकूंच्या भाच्याने करून दिली. तेव्हा तो कॉलेजात होता. पैसे घेतले नाहीत, फक्त होस्टिंगचे तीन वर्षांचे अठराशे रुपये आम्ही दिले. चातुर्मासाचे कार्यक्रम, बिनकांद्या-लसणाच्या पाककृती, पाठशाळेच्या मुलांचे फोटो, आणि वधू-वर परिचयाचा अर्ज असं सगळं त्यावर होतं. छान दिसायची. आम्ही कौतुकाने सगळ्यांना लिंक पाठवायचो.

दोन वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वाच्या दुसऱ्या दिवशी लातूरहून एका ओळखीच्या ताईंचा फोन आला. "अहो, गूगलवर तुमच्या मंडळाचं नाव टाकलं, तर खाली जुगाराच्या जाहिराती दिसतायत. कुठल्या तरी परक्या लिपीत आहेत." मी लगेच वेबसाइट उघडून पाहिली. सगळं जिथल्या तिथे. भगवंतांचा फोटो, खाली कार्यक्रमपत्रिका. मी त्यांना म्हटलं, तुमच्याच फोनमध्ये काहीतरी गडबड असेल.

गडबड त्यांच्या फोनमध्ये नव्हती. घुसणारे लोक हे मुद्दामच असं करतात, हे मला नंतर कळलं. घरच्या माणसाने थेट पत्ता टाकून उघडलं तर जुनंच पान दाखवायचं, आणि गूगलच्या यंत्रणेला किंवा गूगलवरून येणाऱ्याला वेगळं दाखवायचं. म्हणजे मालकाला महिनोन् महिने पत्ता लागत नाही. चौथ्या दिवशी वेबसाइट उघडताना लाल पडदा यायला लागला, की पुढे जाऊ नका, ही जागा धोक्याची आहे. तेव्हा आम्ही जाग्या झालो.

भाच्याला फोन लावला. तो परदेशात नोकरीला, बिचारा रात्री उशिरा फोनवर आला. होस्टिंग त्याच्या जुन्या ईमेलवर घेतलेलं, आणि तो ईमेल आता त्याचाच उघडत नव्हता. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, तेही त्याच्याच नावावर. आम्ही होस्टिंग कंपनीला फोन केला, तर त्यांनी सांगितलं की ज्यांच्या नावावर खातं आहे त्यांच्याशीच आम्ही बोलू. मला त्या वेळी राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. उद्या कोणीही उठून फोन करील आणि माझी वेबसाइट मागेल, तर ती त्यांनी देऊ नये हेच योग्य. नऊ दिवस गेले. ऐन पर्वात आमच्या मंडळाच्या नावाखाली जुगाराच्या जाहिराती, आणि आम्हाला आमच्याच घरात शिरता येईना, कारण किल्ली आमच्याकडे कधी नव्हतीच.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण साफसफाई करणाऱ्या मुलीने आम्हाला एक फोल्डर उघडून दाखवलं. वधू-वर परिचयाच्या अर्जासोबत पालक जे फोटो आणि माहितीपत्रक जोडायचे, ते सगळं त्या फोल्डरमध्ये साठत गेलेलं होतं. त्रेचाळीस मुलींची माहिती. जन्मतारीख, शिक्षण, पगार, घरचा पत्ता, वडिलांचा मोबाइल नंबर, उभा फोटो. त्यातल्या निम्म्या मुलींची लग्नं कधीच झालेली. त्या फोल्डरला कुलूप नव्हतंच. पत्ता माहीत असलेल्या कोणालाही यादी दिसत होती. ती कोणी पाहिली, कोणी उतरवून घेतली, हे कळायला काही मार्ग उरला नव्हता.

मंडळात वाद झाला. काही जणींचं म्हणणं, कशाला बोभाटा करायचा, कोणाला कळलेलं नाही, फोल्डर पुसून टाकू. मी त्या विरुद्ध बोलले. आदल्याच दिवशी उत्तम आर्जवावर प्रवचन ऐकून आम्ही सगळ्या मान डोलावत होतो. मनात एक आणि तोंडावर एक असं वागायचं, तर मग ऐकलं कशाला? शेवटी ठरलं, की प्रत्येक घरी फोन करून सांगायचं. क्षमावाणीच्या दिवशी आपण एकमेकींना "काही चुकलं असेल तर" म्हणतो. त्या वर्षी मी त्रेचाळीस घरांना नेमकं काय चुकलं ते सांगून क्षमा मागितली. बहुतेकांनी समजून घेतलं. एका आईने मात्र शांतपणे विचारलं, "लग्न होऊन तीन वर्षं झाली माझ्या मुलीचं. तुम्ही ते अजून तिथे ठेवलंच का होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण त्या प्रश्नानंतर मी पर्स आवरणं बंद केलं आणि हा विषय शिकायला बसले.

आता माझं मत सरळ सांगते. मंडळाची, पाठशाळेची, मंदिराची किंवा तुमच्या घरगुती लोणच्या-पापडाच्या धंद्याची वेबसाइट असेल, तर तिचं होस्टिंग कुठलं घ्यायचं आणि त्याला कुलपं कशी लावायची, हे तुम्ही स्वतः ठरवलं पाहिजे. काम दुसऱ्याकडून करून घ्या, हरकत नाही. घराची वायरिंग आपण इलेक्ट्रिशियनकडून करून घेतोच. पण मेन स्विच कुठे आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि मीटर आपल्या नावावर असतो.

"आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत विचारला जातो. आपली वेबसाइट वर्डप्रेसवर होती. वर्डप्रेस म्हणजे स्वतः कोड न लिहिता मजकूर आणि फोटो चढवता यावेत यासाठी केलेली व्यवस्था. जूमला आणि द्रुपल ही त्याच जातीची. वर्डप्रेस २००३ साली सुरू झालं, ते फुकट आहे, आणि आज जगातल्या दर दहा वेबसाइटींपैकी चार तरी त्यावर चालतात. हीच त्याची सोय आणि हाच त्याचा धोका. एकाच बनावटीचं कुलूप लाखो दारांना असेल, तर त्याची एक खोट सापडली की लाखो दारं उघडतात. आणि दारं ढकलून पाहणारा हा माणूस नसतो, रात्रंदिवस चालणारा प्रोग्राम असतो. तो तुमचं मंडळ लहान की मोठं हे बघत नाही. त्याला तुमचं चांगलं नाव हवं असतं, जाहिराती टांगायला भिंत हवी असते, आणि फसवे ईमेल पाठवायला दुसऱ्याचा सर्व्हर हवा असतो.

किती वेगाने हे होतं, त्याची दोन उदाहरणं. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी द्रुपलमधली एक मोठी खोट जाहीर झाली आणि त्याच वेळी दुरुस्तीही दिली गेली. दोन आठवड्यांनी द्रुपलच्याच सुरक्षा गटाने सांगितलं, की जाहीर झाल्यापासून सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती घातली नाही, त्यांनी आपली वेबसाइट फोडली गेली आहे असंच धरून चालावं. सात तास, मैत्रिणींनो! आपला एक स्वयंपाक आणि एक झोप. दुसरं वर्डप्रेसचं. जानेवारी २०१७ मध्ये ४.७.२ ही आवृत्ती आली. तिच्यात एका खोटीची दुरुस्ती होती, ती त्यांनी मुद्दाम आठवडाभर गुप्त ठेवली, लोकांना अद्ययावत व्हायला वेळ मिळावा म्हणून. गोष्ट उघड झाली आणि ज्यांनी तोवर आवृत्ती बदललेली नव्हती, अशा असंख्य वेबसाइटींच्या पानांवर कोणीही येऊन काहीही लिहून गेलं.

आपल्या घरात सकाळी गाळलेलं पाणी दिवसभर चालत नाही, वेळ झाली की पुन्हा गाळावं लागतं. अपडेटचं तसंच आहे. "मागच्या वर्षी केलं होतं ना" याला अर्थ नाही.

आता होस्टिंग कसं निवडायचं. आम्ही दुसऱ्या वेळी चार कंपन्यांशी बोललो, आणि प्रत्येकीला तेच प्रश्न विचारले. ते इथे देते, वहीत उतरवून घ्या.

पहिला प्रश्न, दुसऱ्या वर्षीचा दर काय? पहिल्या वर्षी पाटीवर लिहिलेला दर हा नव्या सुनेच्या कौतुकासारखा असतो. नूतनीकरणाला तो दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. वर अठरा टक्के जीएसटी. तेव्हा नूतनीकरणाचा दर धरूनच तुलना करायची.

दुसरा, बॅकअप किती दिवसांनी घेता, किती दिवसांचे ठेवता, कुठे ठेवता, आणि परत चढवून द्यायचे पैसे पडतात का? यात "कुठे" फार महत्त्वाचं. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत आगीत जळाली. ज्यांचा बॅकअपही तिथेच होता, त्यांच्यापैकी अनेकांचं दोन्ही गेलं. दागिने आणि दागिन्यांची पावती एकाच डब्यात ठेवण्यासारखं आहे ते.

तिसरा, एका सर्व्हरवर तुम्ही अनेक गिऱ्हाइकं ठेवता, तर त्यांच्यात भिंत आहे का? स्वस्त होस्टिंग हे चाळीसारखं असतं, त्याला शेअर्ड होस्टिंग म्हणतात. त्यात वाईट काही नाही, आमचं आजही तेच आहे. पण शेजारच्या खोलीत चोर शिरला तर तो माझ्या खोलीत येता कामा नये. प्रत्येक खातं वेगळं बंदिस्त ठेवलेलं असलं पाहिजे. आणि आपल्या बाजूनेही एक पथ्य आहे: एकाच खात्यात दहा वेबसाइटी कोंबायच्या नाहीत. आमची जुनी वेबसाइट भाच्याच्या खात्यात इतर अकरा वेबसाइटींसोबत होती. दार त्यातल्या एका बंद पडलेल्या, कोणी न पाहणाऱ्या वेबसाइटचं फुटलं होतं, आणि तिथून तो आमच्यात आला.

चौथा, पीएचपीची कुठली आवृत्ती देता, आणि ती मला बदलता येते का? वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलं आहे ती पीएचपी. तिच्या प्रत्येक आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या साधारण चार वर्षं मिळतात, मग बंद. ७.४ ही आवृत्ती नोव्हेंबर २०२२ मध्येच संपली, तरी कित्येक वेबसाइटी अजून त्यावर बसलेल्या आहेत. आमची त्याहून जुन्या आवृत्तीवर होती. वरून वर्डप्रेस नवं केलं तरी खालची जमीन कुजलेली असेल, तर काय उपयोग?

पाचवा, एसएसएल प्रमाणपत्र फुकट आणि आपोआप नवं होणारं आहे का? पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस दिसतं ते याच्यामुळे. लेट्स एन्क्रिप्ट नावाची ना-नफा सेवा २०१५ पासून ही प्रमाणपत्रं फुकट देते, तेव्हा यासाठी वेगळे हजार-दोन हजार मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. पण एक ध्यानात ठेवा. या प्रमाणपत्रामुळे फक्त वाटेवरची माहिती झाकली जाते. घराच्या आत काय चाललं आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. आमच्या वेबसाइटवर जुगाराच्या जाहिराती होत्या, तेव्हाही ते कुलपाचं चिन्ह व्यवस्थित दिसत होतं.

सहावा, तुमच्या पॅनेलला टू-फॅक्टर आहे का? म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा आकडाही मागतो का? आणि फाइल चढवायला जुनं साधं एफटीपी नको, एसएफटीपी हवं, कारण साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो.

सातवा, माझी वेबसाइट फोडली गेली तर तुम्ही काय करता? साफ करून देता, की नुसतं खातं बंद करून मोकळे होता? आणि मंडळातल्या दोघी-तिघींची नावं अधिकृत म्हणून नोंदवून घेता का?

हे प्रश्न त्यांच्या चॅटवर रात्री दहा वाजता विचारा. एका कंपनीने मला सात प्रश्नांना एकच उत्तर दिलं, "डोन्ट वरी मॅडम". मी ती सोडून दिली. दुसऱ्या एका मुलाने "हे आम्ही करत नाही, ते तुम्हालाच करावं लागेल" असं दोन ठिकाणी स्पष्ट सांगितलं. आम्ही त्याच्या कंपनीकडे गेलो. वर्षाला सगळं धरून बावन्नशे रुपये पडतात. आपण हळदीकुंकवाच्या वाणांवर याहून जास्त घालवतो.

जागा चांगली मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. भाड्याच्या घराची भिंत मालक बघेल, पण कडी आपणच लावायची असते. आम्ही काय काय केलं ते सांगते.

डोमेन आणि होस्टिंग दोन्ही मंडळाच्या नावावर घेतलं, मंडळासाठी उघडलेल्या वेगळ्या ईमेलवर. त्या ईमेलला दोन फोन नंबर जोडले, अध्यक्षांचा आणि चिटणीसांचा. कार्यकारिणी बदलली की जमाखर्चाच्या वहीसोबत हेही हस्तांतरित होतं, तसा ठरावच केला आहे. टू-फॅक्टरचे आणीबाणीचे आकडे कागदावर छापून मंडळाच्या कपाटात ठेवले.

वर्डप्रेस पुन्हा कोऱ्यापासून घातलं. मुख्य अधिकार असलेली, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर, दोनच खाती. बाकी ज्या पाककृती लिहितात त्यांना लेखकाचं खातं, पाककृती लिहायला तिजोरीची किल्ली लागत नाही. "ॲडमिन" हे नाव वापरायचं नाही. पासवर्ड पूर्वी मंडळाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन असा होता, हे लिहायलाही लाज वाटते. पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला तर दार काही वेळ बंद होतं, अशी सोय बसवली.

प्लगइन तेवीस होती, ती सात राहिली. प्लगइन म्हणजे वर्डप्रेसला जोडायचे सुटे भाग. घुसखोरी बहुतेक वेळा मूळ वर्डप्रेसमधून होत नाही, याच सुट्या भागांतून होते. नको असलेलं नुसतं बंद करून ठेवायचं नाही, काढून टाकायचं, कारण बंद असलं तरी त्याच्या फाइली सर्व्हरवर असतातच. राहिलेल्यांचं अपडेट आपोआप होईल असं ठेवलं. २०२० पासून वर्डप्रेसमध्येच तशी सोय आहे, एक बटण दाबायचं.

बांधकाम करणाऱ्या मुलीकडून पाच गोष्टी करून घेतल्या, तुम्हीही नाव घेऊन मागा. फोल्डरची परवानगी ७५५, फाइलींची ६४४, आणि ७७७ कुठेही नाही, कारण ७७७ म्हणजे सर्वांना सगळं मोकळं. फोटो साठतात त्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणार नाही अशी बंदी. पत्ता टाकून फोल्डरची यादी दिसणं बंद. वर्डप्रेसच्या आतून थीमच्या फाइली बदलण्याचा एडिटर बंद. आणि एक्सएमएल-आरपीसी नावाचं जुनं मागचं दार, जे आम्ही वापरत नव्हतो, तेही बंद. या पाच गोष्टींना तिला एक तास लागला.

बॅकअप कंपनीचा रोजचा आहेच, शिवाय आठवड्यातून एकदा मंडळाच्या वेगळ्या ड्राइव्हवर जातो. आणि महावीर जयंती व दिवाळी झाली की दोनदा तो बॅकअप दुसरीकडे खरोखर चढवून बघतो. पहिल्याच वेळी कळलं, की फोटो येतायत पण लेख येत नाहीत, कारण डेटाबेस वगळला गेला होता. उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे हलवून न पाहिलेलं लोणचं. वरून छान, आत बुरशी.

गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये वेबसाइट नोंदवून ठेवली. तेही फुकट आहे. काही गडबड दिसली तर गूगल स्वतः ईमेल पाठवतं, लातूरच्या ताईंच्या फोनची वाट बघावी लागत नाही.

आता दोन गोष्टी ज्या मला तांत्रिक वाटत नाहीत, आपल्या वाटतात.

एक. आमची जुनी थीम विकतची होती, पण आम्ही ती विकत घेतलेली नव्हती. इंटरनेटवर अशा पैसे लागणाऱ्या थीम आणि प्लगइनच्या चोरीच्या प्रती फुकट मिळतात, त्यांना नल्ड म्हणतात. भाच्याने आमचे चार हजार वाचवायला तीच घातली. अशा प्रतींत अनेकदा मागचं दार आधीच बसवलेलं असतं. फुकट देणाऱ्याचा फायदा तोच असतो. पण मागचं दार नसतं तरी काय? अचौर्य अणुव्रत घेतलेल्या बायकांच्या मंडळाची वेबसाइट चोरीच्या मालावर उभी होती. आम्ही विचारलं नाही म्हणून आम्हाला माहीत नव्हतं, ही सबब मी स्वतःलाही देऊ शकत नाही. आता साधी फुकट थीम आहे, अधिकृत ठिकाणाहून घेतलेली. थोडी कमी देखणी आहे. चालतं.

दुसरी गोष्ट त्या आईच्या प्रश्नाची. "ठेवलंच का होतं?" सगळी कुलपं, बॅकअप, आकडे हे सारं जे ठेवलं आहे त्याच्या रक्षणासाठी. जे ठेवलेलंच नाही, ते कोणी चोरू शकत नाही. अपरिग्रह आपण साड्या-भांड्यांपुरता धरतो, पण दुसऱ्याच्या मुलीचा पत्ता विनाकारण साठवणं हाही परिग्रहच. आता आमच्या अर्जात फक्त नाव आणि पालकांचा नंबर असतो. फोटो आणि बाकी माहिती वेबसाइटवर घेतच नाही, पालक समितीतल्या दोघींना प्रत्यक्ष देतात. अर्ज ईमेलने येतो आणि तीस दिवसांनी वेबसाइटवरून पुसला जातो. लग्न जमलं की वहीतलं पानही काढतो.

कायद्याचंही सांगून ठेवते. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात, माहिती ज्या कामासाठी घेतली ते संपलं की ती पुसावी, योग्य सुरक्षा ठेवावी, आणि ती फुटली तर ज्यांची माहिती आहे त्यांना कळवावं, असं आहे. सुरक्षा न ठेवल्याबद्दलच्या दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे. एवढा दंड छोट्या मंडळाला कोणी करील असं मी म्हणत नाही. पण आम्ही त्रेचाळीस फोन केले ते "कशाला बोभाटा" म्हणणाऱ्या मैत्रिणींना भाबडेपणा वाटला होता. कायदाही तेच करा म्हणतो.

"एवढी कटकट असेल तर वेबसाइट हवीच कशाला?" असं एक वहिनी म्हणाल्या. प्रामाणिक प्रश्न आहे, आणि माझं उत्तर त्यांना अनपेक्षित वाटलं. ज्या मंडळात महिन्याला अर्धा तास देणारी एकही जण नसेल, त्यांनी खरोखरच स्वतःचं होस्टिंग घेऊ नये. त्यांच्यासाठी ब्लॉगर किंवा वर्डप्रेस डॉट कॉम आहे, जिथे सर्व्हर, अपडेट, कुलपं सगळं तीच कंपनी बघते आणि तुम्ही फक्त लिहायचं. मनासारखी सजावट होणार नाही, पण झोप लागेल. तिथेही पासवर्ड आणि टू-फॅक्टर मात्र तुमचंच. थोडे पैसे जास्त देता येत असतील तर मॅनेज्ड होस्टिंग आहे, त्यात वर्डप्रेसची देखभाल कंपनीच करते. पण स्वतःचं स्वस्त होस्टिंग घेऊन ते वाऱ्यावर सोडणं, हा तिसरा मार्ग आम्ही निवडला होता. तो कोणी निवडू नये.

भाच्याला मी दोष देत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाने प्रेमाने करून दिलं. आम्ही चाळिशी-पन्नाशीच्या बायका, घरातला गॅस रात्री दोनदा बघून झोपणाऱ्या, धान्यात किडा-मुंगी होऊ नये म्हणून डबे उन्हात घालणाऱ्या, आम्ही इतक्या वर्षांत त्याला एकदाही विचारलं नाही की बाळा, हे कुठे ठेवलं आहेस आणि किल्ली कोणाकडे आहे. जपणं आपल्याला येत नाही असं नाही. हे आपल्या जपण्याच्या गोष्टींतलं आहे, हेच आपण धरलं नव्हतं.

येत्या बैठकीत एवढंच विचारा: डोमेन कोणाच्या नावावर आहे, ते कधी संपतं, होस्टिंगचा ईमेल कोणाचा, शेवटचा बॅकअप कधी उघडून पाहिला, आणि आपल्या वेबसाइटवर अशी कोणाची माहिती पडून आहे जी आता लागत नाही. या पाच प्रश्नांची उत्तरं बैठकीत कोणालाच देता आली नाहीत, तर घरी जाऊन कोणाला फोन करायचा ते तुम्हाला कळलेलं असेल. तो फोन त्याच दिवशी करा, पर्व यायची वाट बघू नका.

जय जिनेंद्र.